‘स्मशानातील सोनं’ नववी-दहावीला शिकवताय? आधी तात्पर्य बाजूला ठेवा

अण्णा भाऊ साठेंची ‘स्मशानातील सोनं’ वर्गात घेतली की कोणीतरी हात वर करून म्हणतंच, "सर, म्हणजे लोभ वाईट, बरोबर ना?" आणि आपण बऱ्याचदा "हो, छान" म्हणून पुढे जातो, कारण पोर्शन संपवायचाय, युनिट टेस्ट तोंडावर आलीये आणि शेजारच्या वर्गात बाई आल्या नाहीत म्हणून तिथला गोंगाटही आपल्यालाच सांभाळायचाय. पण "लोभ वाईट" एवढ्यावर ही कथा संपवायची असेल तर मग ती न घेतलेली बरी, असं माझं मत आहे. भीमा लोभी आहे, की हातांना काम मिळालं नाही म्हणून ते हात राखेत गेले, हे मुलांनी कथेतली वाक्यं दाखवून भांडून ठरवायचंय. आपण फक्त ते भांडण नीट लावून द्यायचं. खाली जे लिहितोय ते सगळं त्यासाठीच आहे आणि पिरियड पस्तीस मिनिटांचा धरला तर चार पिरियडमध्ये बसतं.

ज्यांनी कथा बऱ्याच वर्षांत वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वारणाकाठचा भीमा, अंगात रग्गड ताकद, पोटासाठी मुंबईत येतो, शहरात काम मिळत नाही म्हणून उपनगराच्या टोकाला एका दगडखाणीत लागतो. खाण बंद पडते. एक दिवस ओढ्याकाठी चितेच्या राखेत त्याला सोनं सापडतं आणि तिथून तो राख चाळायला, पुढे पुरलेली मढी उकरायला लागतो. बायकोला हे पसंत नाही, लेक नाबदा अजून लहान आहे. शेजारच्या गावातल्या एका सावकाराचं मढं उकरायला रात्री जातो तेव्हा कोल्ह्यांच्या टोळीशी झुंज होते, मढ्याच्या तोंडातलं सोनं काढताना जबडा मिटतो, बोटं अडकतात. जीव वाचतो पण दोन बोटं कायमची जातात, आणि त्याच दिवशी कळतं की खाण परत सुरू होतेय.

आधीची तयारी (ही स्किप करू नका)

कथा घरी मोठ्याने वाचा, मोबाईलवर स्टॉपवॉच लावून. मनात वाचलं तर वेळेचा अंदाज येत नाही आणि रात्रीचा प्रसंग घंटा झाल्यामुळे अर्ध्यात तुटला तर सगळी मेहनत पाण्यात. वाचताना पेन्सिलने चार ठिकाणी खूण करा जिथे तुम्ही थांबणार आहात, आणि प्रत्येक खुणेपाशी एकच प्रश्न लिहा. एकच. पाच प्रश्न लिहिले की आपण पाचही विचारतो आणि कथा राहते बाजूला.

मग वर्गाची यादी समोर घेऊन बसा. कोणाच्या घरात गेल्या काही महिन्यांत कोणी गेलंय का? या कथेत चिता आहे, राख आहे, मढ्याच्या तोंडात बोटं घालणं आहे, आणि ज्या मुलाने नुकताच बापाला अग्नी दिलाय त्याला हे आपण अचानक वर्गात ऐकवणार असू तर ते बरोबर नाही. त्या मुलाला किंवा मुलीला एक दिवस आधी बाजूला घेऊन साध्या शब्दांत सांगा की कथेत असं असं आहे, तुला नको वाटलं तर त्या पिरियडला लायब्ररीत बस, नंतर आपण बोलू. बहुतेक मुलं थांबतात, पण विचारलं होतं हे त्यांच्या लक्षात राहतं. वर्गासमोर मात्र हे अजिबात जाहीर करू नका.

सुपरवायझरच्याही कानावर घालून ठेवा. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "मराठीच्या तासाला भुताखेताचं शिकवतायत" असा मेसेज पडला की उत्तर द्यायला आपल्याबरोबर कोणीतरी लागतं.

जातीचा प्रश्न येणार हे धरून चला. अण्णा भाऊ मातंग समाजातले, आणि मुलांनी मोबाईलवर नाव टाकलं की पहिल्या दोन ओळींत ते दिसतंच. कोणी विचारलं तर सरळ उत्तर द्या, घसा खाकरून विषय बदलू नका, कारण विषय बदलला की मुलांना वाटतं ही काहीतरी लपवायची गोष्ट आहे. मात्र आपल्या वर्गातल्या मुलांच्या आडनावांकडे बघत बोलायचं नाही, आणि "तुमच्यापैकी कोणाचे वडील असं काम करतात" हा प्रश्न तर चुकूनही नाही. नाक्यावर उभं राहून मजुरी शोधणाऱ्याचा मुलगा तिसऱ्या बाकावर बसलेला असतो आणि त्याला हे सगळ्यांसमोर सांगायचं नसतं.

पहिला पिरियड: हात, नकाशा, खाण

लेखकाच्या परिचयाने सुरुवात करू नका. जन्म, मृत्यू, ग्रंथसंपदा हे आधी सांगितलं की मुलं वही काढून उतरवून घेतात आणि डोकं बंद करतात. तो चौथ्या पिरियडचा माल आहे.

सुरुवातीला मुलांना वहीच्या मागच्या पानावर स्वतःच्या उजव्या पंजाची आउटलाईन काढायला सांगा आणि आत लिहायला सांगा की सकाळपासून या हाताने काय काय केलं. दहावीची मुलं "हे काय लहान मुलांसारखं" म्हणून कुरकुर करतील, करू दे. दोन मिनिटांत होतं. लिहिलेलं वाचून दाखवायचं नाही, पान मिटून ठेवायचं, ते नंतर लागणार आहे.

मग नकाशा. फळ्यावर महाराष्ट्र काढा (माझा कायम वांग्यासारखा येतो, चालतं), वारणा कुठे ते दाखवा: सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या हद्दीवरून येऊन सांगलीजवळ कृष्णेला मिळणारी नदी. तिथून मुंबई साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. आता विचारा, एवढ्या लांबून माणूस इथे का येतो? मुंबईच्या कुठल्याही वर्गात याची उत्तरं लगेच येतात कारण बहुतेकांच्या घरात कोणीतरी असंच आलेलं असतं, कोकणातून, साताऱ्याहून, मराठवाड्यातून, आझमगडहून. उत्तरं ऐका पण फार लांबवू नका. गृहपाठ म्हणून घरातल्या मोठ्या माणसाला विचारून यायला सांगा की मुंबईत पहिल्यांदा कोण आलं आणि पहिलं काम काय मिळालं. वहीत लिहायचं, वाचून दाखवायची सक्ती नाही.

खाण म्हणजे काय हे नीट सांगायलाच लागतं. शीर्षकात ‘सोनं’ आणि गोष्टीत ‘खाण’ आली की निम्म्या वर्गाच्या डोळ्यासमोर सिनेमातली सोन्याची खाण येते, हेल्मेट, टॉर्च, बोगदा वगैरे. इथली खाण दगडाची आहे, उघडी, डोंगर कापत जाणारी. मुंबईच्या खालचा काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट, तो सुरुंग लावून फोडायचा, घणाने बारीक करायचा आणि ती खडी रस्त्याला, स्लॅबला जायची. चांदिवली, विक्रोळी पार्कसाईट, कांदिवली या भागांत अशा खाणी होत्या, आज तिथे टॉवर उभे आहेत आणि काही ठिकाणी टॉवरच्या मागे कापलेला सरळसोट कडा अजून दिसतो. फोर्टातल्या कितीतरी जुन्या इमारतींचा दगडसुद्धा मालाड आणि कुर्ल्याच्या खाणींतला आहे. हे सांगितलं की मुलं खिडकीबाहेर बघायला लागतात आणि भीमा गावाकडच्या कुठल्यातरी गोष्टीतला राहत नाही, इथलाच होतो.

शब्दार्थांची लांबलचक यादी फळ्यावर लिहू नका. पाच शब्द पुरेत: पहार, सुरुंग, तोळा, सावकार, मढं. तोळा म्हणजे साधारण ११.६६ ग्रॅम, आजचा भाव मुलांनाच विचारा, त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतो. एक गोष्ट मात्र मुद्दाम समजावून सांगा, की मृताच्या तोंडात तुळशीपत्र आणि सोन्याचा कण ठेवायची रीत आपल्याकडे आहे. ज्या मुलांना हे माहीत नाही त्यांना चौथ्या पानावर कळतच नाही की भीमा तोंडात बोटं कशाला घालतोय. आणखी एक डाऊट हमखास येतो, "सर, सावकाराला जाळलं नाही, पुरलं कसं काय?" आपल्याकडे सगळेच दहन करत नाहीत, लिंगायत समाजात दफन करतात, मुसलमान-ख्रिश्चनांत करतात, लहान मुलांना पुरतात, एवढं सांगितलं की पुढे सरकता येतं.

आता वाचन. पिरियडला दहा मिनिटं उरली असतील तर तेवढी बस्स आहेत. कथा स्वतः वाचा. "रोल नंबर एक, पहिला पॅराग्राफ वाच" हा प्रकार या कथेला मारतो, कारण ज्याची पाळी पाचवी आहे तो पाचवा पॅराग्राफ शोधत बसतो आणि बाकीचं ऐकतच नाही. सुरुवातीलाच सावकार मेल्याची बातमी येते आणि ती ऐकून भीमाला आनंद होतो. इथे पहिली खूण, थांबा. प्रश्न: एखादा माणूस मेल्याची बातमी ऐकून कोणाला आनंद का होईल? कर्ज असेल, दुश्मनी असेल, वारसा असेल, मुलं भराभर बोलतात. सगळं फळ्यावर लिहा, बरोबर-चूक काहीही सांगू नका, आणि घंटा व्हायच्या आत पुस्तक बंद करा. दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं पुढचं वाचून येतात, आणि त्यासाठी मी कधी गृहपाठ दिलेला नाही.

दुसरा पिरियड: मागे का जातो लेखक

सावकाराच्या बातमीनंतर कथा मागे जाते, भीमा कुठून आला, मुंबईत काय हाल झाले, खाण कशी मिळाली, कशी गेली, राखेत सोनं कसं सापडलं. मुलं इथे गोंधळतात कारण त्यांना वाटतं हे सगळं सावकाराच्या नंतर घडतंय. फळ्यावर एक आडवी रेघ मारा, मुलांकडून घटना काढून घ्या आणि घडल्या त्या क्रमाने लावा, खाली दुसरी रेघ मारून लेखकाने सांगितल्या त्या क्रमाने लावा. दोन्हींमध्ये बाण काढले की चित्र बऱ्यापैकी विचित्र दिसतं आणि मग खरा प्रश्न विचारता येतो: लेखकाने वारणेपासून सुरू करून सरळ का नाही सांगितलं? याचं एकच उत्तर नाही, पण "आधी आपल्याला भीमाची भीती वाटते आणि मग कारण कळतं" असं कोणी बोललं तर त्याला फळ्याजवळ बोलवा, वाक्य त्याच्याच हाताने लिहायला लावा.

दुसरी खूण, खाण बंद पडते तिथे. इथे मी तीन कॉलम करतो: भीमाकडे काय होतं, काय गेलं, काय राहिलं. तिसऱ्या कॉलममध्ये मुलं आधी "काही नाही" म्हणतात, मग कोणीतरी "ताकद" म्हणतं. या "ताकद" शब्दाभोवती गोल करा आणि पुढे चला, स्पष्टीकरण देऊ नका. ताकद आहे पण ती विकत घ्यायला कोणी नाही, हे मुलांचं मुलांना उमगायला थोडा वेळ लागतो, लागू दे.

तिसरी खूण, राखेत सोनं सापडतं ती जागा. पहिलं सोनं त्याला शोधून सापडलेलं नाही, ते पडलेलं दिसलंय. हा फरक महत्त्वाचा आहे आणि मुलं तो हमखास सोडतात. मी फळ्यावर चार वाक्यं लिहितो: रस्त्यात पडलेलं सोनं उचलणं, राखेत पडलेलं उचलणं, राख चाळून शोधणं, पुरलेलं मढं उकरून काढणं. प्रत्येकाने आपल्या वहीत रेघ मारायची, इथपर्यंत चालेल आणि इथून पुढे चालणार नाही. कोणाची रेघ पहिल्याच वाक्याआधी असते, कोणाची चौथ्यानंतर. शेजाऱ्याशी वाद घालायला तीन मिनिटं द्या आणि त्या तीन मिनिटांत तुम्ही गप्प बसा, जमत नसेल तर दारात जाऊन उभे राहा.

नवरा-बायकोचं बोलणं येतं तिथे आपली एक सवय आड येते. बायको म्हणजे सद्गुण आणि भीमा म्हणजे दुर्गुण असं आपण नकळत आवाजातूनच वाचून दाखवतो, तिचा आवाज गोड, त्याचा जाड. तसं करू नका. तिचं म्हणणं आणि त्याचं म्हणणं दोन्ही पटेल असं वाचा. भीमाचा हिशोब साधा आहे, दिवसभर राबून खाणीत जे मिळत होतं त्यापेक्षा राख जास्त देते. मुलांना विचारा, या हिशोबात चूक काय आहे? गणितात चूक नाही, मग चूक कुठे आहे? मुंबईच्या मुलांना हिशोब कळतो, ती या प्रश्नावर अडकतात आणि दुसरा पिरियड तिथेच संपवलेला चांगला.

तिसरा पिरियड: रात्र

हा पिरियड फक्त वाचनाचा. शक्य असेल तर लंच ब्रेकनंतरचा घेऊ नका, पीटीनंतरचा तर नकोच. घरून निघायच्या आधी रात्रीचा प्रसंग एकदा पुन्हा मोठ्याने वाचून या, कुठे श्वास घ्यायचा ते ठरलेलं असू दे, कारण मध्ये अडखळलात की मुलं हसणार.

तसंही हसणारच आहेत. मढं म्हटलं, जबडा म्हटलं की मागच्या बाकावरून एखादा आवाज येतोच. रागावू नका, थांबू नका, आवाज थोडा खाली घ्या आणि वाचत राहा. चौदा-पंधराव्या वर्षी भीती वाटली की हसू येतं, आणि कोल्हे आले की ते आपोआप बंद होतं.

"मुंबईत कोल्हे?" हा प्रश्न मात्र वाचन सुरू करायच्या आधीच निकालात काढा, नाहीतर भर झुंजीत कोणीतरी विचारेल. आहेत. चेंबूर-ट्रॉम्बेच्या खारफुटीत आजही सोनेरी कोल्हे आहेत, ठाणे खाडीच्या पलीकडे नवी मुंबईतही आहेत. अण्णा भाऊंच्या वेळी तर उपनगरांच्या मागे सगळं रानच होतं.

झुंज संपेपर्यंत थांबायचं नाही. संपली की मुलांना पुस्तक उघडून पुन्हा तेच पान बघायला सांगा आणि पेन्सिल हातात द्या. भीमा जे जे करतो ती क्रियापदं एका रंगात, कोल्हे जे करतात ती दुसऱ्या रंगात अधोरेखित करायची. दोन-तीन मिनिटांत कोणीतरी बोलतं की सर, दोघं सेमच करतायत. दोघेही उकरतायत, दोघेही त्याच मढ्यासाठी, दोघांनाही भूक आहे. हे वाक्य तुम्ही म्हणू नका, मुलांच्या तोंडून यायची वाट बघा. आलंच नाही तर एवढंच विचारा: कोल्हे कशासाठी आलेत, भीमा कशासाठी आलाय, लिहा समोरासमोर.

चौथी खूण जबड्यात बोटं अडकतात तिथे. इथे मी एकच विचारतो, आता पुढे काय काय होऊ शकतं? पकडला जाईल, मरेल, भूत होईल, सुटेल. मग शेवटपर्यंत वाचून टाका, बोटं गेली, खाण सुरू झाल्याची बातमी आली, भीमा रडला. वाचून झाल्यावर "कसं वाटलं" असं विचारू नका, त्याचं उत्तर "छान वाटलं" असंच येतं. वही उघडून पाच ओळी लिहायला सांगा: बातमी एक दिवस आधी आली असती तर? आणि बातमी आलीच नसती, खाण कायमची बंद राहिली असती तर शेवट कसा वाटला असता? दोन्हींपैकी कुठलाही एक प्रश्न. या पाच ओळींना मार्क द्यायचे नाहीत, फक्त वाचायच्या, आणि त्यातली दोन-तीन वाक्यं नाव न सांगता चौथ्या पिरियडला फळ्यावर आणायची.

चौथा पिरियड: खटला

आता भांडण. वर्गाचे पाच गट करा. एक गट भीमाच्या बाजूने, एक सावकाराच्या घरच्यांच्या बाजूने, एक बायकोच्या, एक खाणमालकाच्या आणि पाचवा गट म्हणजे मुंबई शहर. शेवटचे दोन गट सुरुवातीला तक्रार करतात, "सर आमचा काय संबंध?" आणि तेच महत्त्वाचं आहे, संबंध काय हे त्यांनीच शोधायचंय. खाणमालकाच्या गटाला हळूच जाऊन विचारा की खाण बंद करताना तुम्ही मजुरांना काय सांगितलं, काय दिलं, कथेत कुठे लिहिलंय बघा. शहराच्या गटाला विचारा की भीमा आला तेव्हा तुम्ही त्याला काय दिलं आणि काय नाही.

नियम एकच आणि तो कडक पाळा: बोलायचं तर पान आणि ओळ दाखवून. "मला असं वाटतं" चालेल, पण त्याच्या मागे कथेतली ओळ लागलीच पाहिजे. ओळ नाही तर बसा. यामुळे जे मूल नेहमी मोठ्याने बोलून वर्ग जिंकतं ते गप्प होतं आणि ज्याने वाचलंय ते पुढे येतं.

वर्ग तापला की कायदा आणा. भीमाच्या काळात भारतीय दंड संहिता होती, तिचं कलम २९७ म्हणजे स्मशानात किंवा दफनभूमीत घुसून मृताचा अवमान करणं, शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात तेच कलम ३०१ झालं. म्हणजे भीमा गुन्हेगार आहे यात वाद नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा, कारण काही मुलं भीमाच्या प्रेमात पडून तो निर्दोषच आहे असं म्हणायला लागतात आणि तेही कथेला धरून नाही. मग पुढचा प्रश्न टाका: हात असून काम न मिळणं याला कुठलं कलम आहे? यावर वर्ग पाच-सात मिनिटं सहज चालतो. निकाल देऊ नका. मुलं "सर, तुम्ही सांगा ना कोण बरोबर" म्हणून मागे लागतात, तरी नाही.

आता पंजाचं पान उघडायला सांगा. त्या चित्रातल्या दोन बोटांवर काट मारा आणि आत लिहिलेल्या कामांपैकी कुठली आता जमणार नाहीत ती खोडा. मोबाईलवर टाईप करणं, बॉलिंग, वेणी घालणं, तबला. मग विचारा की भीमाचं नक्की काय गेलं. "बोटं" असं उत्तर देणारा वर्ग आता सापडत नाही, "काम" म्हणतात, "पहार" म्हणतात, आणि मग दुसऱ्या पिरियडला गोल केलेला "ताकद" शब्द परत फळ्यावर लिहायचा.

लेखक आता सांगा, दहा मिनिटांत. जन्म १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव, आत्ताचा सांगली जिल्हा. शाळेत गेले जेमतेम दीड दिवस. हे ऐकून वर्गात जो आवाज येतो तो बघण्यासारखा असतो, त्यात थोडा हेवाही असतो. १९३१ च्या सुमारास घरच्यांबरोबर पायी मुंबईला निघाले, इथे मिळेल ते काम केलं, गिरणीतही केलं. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत पोवाडे आणि लावण्या. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून लिहिलं. १९५८ साली मुंबईत झालेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाच्या भाषणात ते म्हणाले की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे. मुलांना "तळहात" शब्दावर काही सांगावं लागत नाही, पंजाचं चित्र समोरच असतं. १८ जुलै १९६९ ला गेले. हे सगळं शेवटी का, तर आधी सांगितलं असतं तर मुलांनी भीमाच्या जागी लेखकाला बसवून "बिचारे" म्हणत कथा वाचली असती. आता ती कथेवर भांडून आलेली असतात आणि त्यांना माणूस जाणून घ्यायचा असतो.

लिखाण आणि मार्क

कृतिपत्रिकेचा, म्हणजे परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेचा, विचार करावाच लागतो, उगाच आदर्शवाद नको. आकलन कृती, चौकटी, ओघतक्ते मुलं करतात, त्यावर वेळ घालवायची गरज नाही. गाडी अडते स्वमतावर, म्हणजे स्वतःचं मत लिहायच्या प्रश्नावर. "भीमाने चूक केली का, तुमचे मत लिहा" असा प्रश्न दिलात तर पन्नास वह्यांत एकच उत्तर येतं: होय, कारण कष्टाचा पैसाच टिकतो, आपण नेहमी प्रामाणिक राहावे. त्याऐवजी प्रश्न बदला. "भीमा शेवटी रडतो तो बोटांसाठी की खाणीसाठी? कथेतील दोन आधार देऊन लिहा." किंवा "कोल्ह्यांशी झुंजीचा प्रसंग काढून टाकला तर कथेत काय कमी होईल?" किंवा "बायकोच्या जागी तुम्ही असता तर सोनं घरात ठेवलं असतं का?" यांची उत्तरं गाईडमध्ये नसतात आणि कुठल्या ॲपला विचारली तरी जे मिळतं त्यात ओळीचा आधार नसतो, म्हणून दोन मार्क आधाराला वेगळे ठेवा आणि तसं आधीच सांगून टाका.

ज्या मुलांच्या घरी मराठी बोलत नाहीत त्यांना खटल्यात हिंदीत बोलू द्या, पण लिहिताना मराठीत. आधी विचार डोक्यात यावा लागतो, भाषा मागून येते. सेमी इंग्लिशच्या वर्गात ही मुलं कित्येकदा सगळ्यात चांगला मुद्दा मांडतात आणि व्याकरणाच्या भीतीने वहीत तो लिहीत नाहीत, तेव्हा पहिल्या ड्राफ्टला लाल पेन लावू नका.

वेळच नसेल, दोनच पिरियड मिळत असतील तर नकाशा, टाइमलाइन आणि लेखक परिचय काढा. पंजा, चार वाक्यांची रेघ, रात्रीचा प्रसंग पूर्ण आणि खटला दोनच गटांचा, भीमा विरुद्ध मुंबई. लेखक परिचयाचं एक पान झेरॉक्स करून द्या, घरी वाचतील. आणि खटला चालू असताना सुपरवायझर खिडकीतून डोकावले तर वर्ग गप्प करू नका, त्यांना आत बोलवा आणि शहराच्या गटात बसवा, तिथे नेहमी माणसं कमी पडतात.